मुंजीत ताईचा फोन: समुद्रकाठच्या नगरसेविकेला नक्की काय काय बघावं लागतं?

लहरीपुरा (वडोदरा)

गेल्या आठवड्यात भाच्याची मुंज झाली. दांडिया बाजारातलंच कार्यालय, नेहमीचे आचारी, नेहमीचा गोंधळ. माझी मावसबहीण खास कोकणातून आली होती. ती सिंधुदुर्गातल्या एका समुद्रकाठच्या गावात नगरसेविका आहे. गावाचं नाव लिहीत नाही. क वर्गाची नगरपरिषद आहे, सगळे एकमेकांना ओळखतात, उद्या तिलाच ऐकून घ्यावं लागेल. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीत निवडून आली. त्याआधी काही वर्षं तिथे प्रशासक होता, म्हणजे इतक्या वर्षांच्या साठलेल्या तक्रारी हिच्या पदरात एकदम पडल्या.

मंगलाष्टकं सुरू होती. ताईच्या उजव्या मुठीत अक्षता, डाव्या हातात थरथरणारा फोन. दोनदा तिने तो पदराखाली दाबला, तिसऱ्यांदा उठून हात धुण्याच्या नळांपाशी गेली. मी मागोमाग गेलो, म्हटलं घरी काही झालं की काय. पलीकडून कुणीतरी मालवणीत ओरडत होतं, ‘बाय, मेलेलो मोठो मासो इलोहा दर्यार, वास मारता!’

मासा नव्हता, डॉल्फिन होता. शाळेच्या मागच्या किनाऱ्यावर लागलेला. पुढची वीस मिनिटं ताईने नळापाशी उभ्याने जे केलं ते मी पाहिलं. आधी वनविभागाला फोन, कारण डॉल्फिन वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, पंचनामा झाल्याशिवाय त्याला हात लावता येत नाही. मग पशुवैद्यकीय अधिकारी. मग नगरपरिषदेचा आरोग्य विभाग, कारण खड्डा खणायला जेसीबी नगरपरिषदेचाच लागतो. जेसीबीवाला म्हणाला, साहेबांचं पत्र आणा. मुख्याधिकारी जिल्ह्याच्या बैठकीत. शेवटी ताईने जेसीबीवाल्याच्या बायकोला फोन लावला (ती बचतगटात आहे) आणि काम झालं. ‘भरतीच्या रेषेच्या वर खणा रे, नाहीतर परवा परत वर येईल,’ एवढं सांगून ती मांडवात आली. मुठीतल्या अक्षता घामाने चिकटल्या होत्या. तोवर भिक्षावळ सुरू झाली होती, त्या तशाच तिने बटूच्या डोक्यावर टाकल्या.

रात्री गच्चीवर बसलो तेव्हा विचारलं, तुझं नेमकं काम काय गं? ती म्हणाली, ‘कुठला कागद कुणाच्या टेबलावर आहे ते माहीत असणं.’

मग यादीच ऐकली. जेटी आणि किल्ल्याच्या फेरीबोटी मेरीटाईम बोर्डाकडे. किनारा खचतो तिथला धूपप्रतिबंधक बंधारा पत्तन (बंदर बांधकाम) विभागाकडे. मासेमारीची बंदी आणि परवाने मत्स्यव्यवसाय खात्याकडे. वाळू महसूलकडे. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, नवं बांधकाम म्हटलं की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीचे बांधकाम-नियम. नगरपरिषदेकडे उरतं काय तर कचरा, गटार, दिवे, पाणी, घरपट्टी. पण फोन सगळ्याचेच नगरसेविकेला येतात, कारण मेरीटाईम बोर्डाचा माणूस बाजारात कोथिंबीर घेताना भेटत नाही, ही भेटते.

हे लिहायचं कारण वेगळंच आहे. ऑगस्ट २०२४ च्या पुरात आमच्या सोसायटीत तीन दिवस पाणी होतं. आमच्या भागातल्या एका नगरसेवकाचा फोन बंद होता आणि त्याबद्दल मी इथेच खूप कडक लिहिलं होतं. ते मागे घेत नाही. पण ताईकडे बघून वाटलं, या माणसांच्या हातात असतं तरी काय? जाणकारांनी सांगावं.

---

सेव_उसळ (वडोदरा)

छान लिहिलंय, पण एकदम पाघळू नका. आपल्याकडे १९ वॉर्ड, प्रत्येकी चार, असे ७६ नगरसेवक. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती सोळा लाखांच्या वर होती. म्हणजे आपला एक वॉर्ड तुमच्या ताईच्या अख्ख्या गावाच्या दुप्पट तरी असेल. तिला जेसीबीवाल्याची बायको ओळखते, आपल्याला वॉर्ड ऑफिसचा शिपाईही ओळखत नाही. दोन्हींना ‘नगरसेवक’ हा एकच शब्द लावतो म्हणून घोटाळा होतो.

आणि पुरात फोन बंद ठेवणं याला कुठलंच टेबल जबाबदार नसतं. तो माणूसच जबाबदार.

---

राजवाड्यावरचा (इंदूर)

आमच्याकडे पार्षद म्हणतात. ८५ वॉर्ड. सकाळी कचरागाडी गेली नाही तर लोक पार्षदाला फोन करतात, आणि गाडी येते! २०१७ पासून स्वच्छतेत पहिला नंबर उगाच नाही. तुमच्या ताईंना म्हणावं एकदा इंदूरला या, देवगुराडियाचा प्लांट बघा, ओल्या कचऱ्यापासून बायो-सीएनजी करतात, रोज ५५० टनांची क्षमता आहे.

---

खाडीपलीकडे

राजवाड्यावरचे साहेब, ५५० टन कचरा करायला आमच्या अख्ख्या तालुक्याला किती महिने लागतील त्याचा हिशोब करतोय. :)

इंदूरबद्दल आदर आहेच. पण छोट्या गावाला बघायला वेंगुर्लं जवळ पडतं. तिथल्या डंपिंग ग्राउंडवर आज लोक सहलीला जातात. कचरा घरातच वेगवेगळा करून द्यायचा, बायोगॅस, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांचं नाव झालं ते योग्यच. पण घरोघरी जाऊन ‘काकू, बाटली वेगळी द्या’ हे सांगायला आणि शिव्या खायला कोण होतं? अधिकारी बदलून जातो. नगरसेवक त्याच गल्लीत राहतो.

---

तिखटमीठ (पुणे)

एक भोचक प्रश्न. ताई स्वतः काम बघतात की त्यांचे यजमान? आमच्याकडे महिला वॉर्डात फलकावर बाईंचा फोटो आणि खाली नंबर नवऱ्याचा.

---

लहरीपुरा

तिखटमीठ, प्रश्न भोचक आहे पण चुकीचा नाही, गुजरातेतही हेच दिसतं. आमचे भावोजी बँकेतून निवृत्त झालेत. त्यांचं काम एकच, ताईचा दुसरा फोन चार्ज करून ठेवणं. सुरुवातीला एक ठेकेदार थेट त्यांच्याकडे आला होता. भावोजींनी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, ‘मला यातलं काही कळत नाही, आणि कळलं तरी सही तिची.’

तिला बोचणारी गोष्ट दुसरी आहे. तिची जागा या वेळी महिलांसाठी राखीव होती, पुढच्या सोडतीत काय निघेल देव जाणे. पाच वर्षांत उभं राहील असंच काम हातात घ्यायचं की पंधरा वर्षं लागणारं, हा तिचा खरा पेच आहे.

---

निवृत्त_लेखनिक

मी कोकणातल्याच एका नगरपरिषदेत तीस वर्षं सभा विभागात कारकून होतो. ‘हातात असतं तरी काय’ याचं उत्तर देतो. जरा लांबेल.

नगरसेवकाच्या हातात एकच हत्यार असतं, ते म्हणजे इतिवृत्त, सभेची अधिकृत लेखी नोंद. बाकी सगळं विनंती.

नवीन नगरसेवक सभेत उभा राहून अर्धा तास तावातावाने बोलतो, बाहेर येतो, लोक पाठ थोपटतात. मी खाली लिहिलेलं असायचं: ‘सदर विषयावर चर्चा झाली.’ संपलं. ‘चर्चा झाली’ म्हणजे आमच्या भाषेत सरण रचलं. जाणता नगरसेवक तेवढं बोलतच नाही. सभेच्या आधी लेखी विषय देतो, पोच घेतो, तो विषयपत्रिकेवर नंबर पडून येईल हे बघतो. सभेत सूचक स्वतः, अनुमोदक शक्यतो विरोधी बाकावरचा. आणि ठरावाचा मसुदा स्वतःच लिहून आणतो. कारकुनाला आयता मसुदा मिळाला की तो तसाच उतरवतो, हे मी अनुभवाने सांगतो. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना जो डोळे मिटून हात वर करतो, त्याने मागच्या सभेचं सगळं घालवलं. तेव्हाच वाचायचं असतं. मंजूरचं ‘तत्त्वतः मंजूर’ तिथेच होतं.

दुसरं. मेरीटाईम बोर्ड, पत्तन, महसूल हे आपल्याकडे नाहीत म्हणून हात वर करायची गरज नाही. नगरपरिषदेने ठराव करून त्यांना पाठवता येतो. पण पत्र गेलं का विचारू नका, जावक क्रमांक काय ते विचारा. जावक क्रमांक नाही म्हणजे पत्र गेलं नाही.

तिसरं, आणि हे ताईंना जरूर कळवा. निवडून आल्यावर पहिली तक्रार नगरसेवकाच्या स्वतःच्या घराची येते. पडवी वाढवली, पत्रा पुढे घेतला, कुंपण रस्त्यावर. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याच्या कलम ४४ खाली बेकायदा बांधकामावरून पद जाऊ शकतं. माझ्यासमोर असे अर्ज मोजायच्या टेपसकट आलेले आहेत. त्यांनी आपल्या घराची परवानगी आणि नकाशा एका पिशवीत घालून ठेवावा.

---

सेव_उसळ

लेखनिक साहेब, साष्टांग. ‘तत्त्वतः मंजूर’ला हसावं की रडावं कळेना. आपल्याकडे समग्र सभा म्हणतात, पण वहीचं वजन तेच असणार.

---

लहरीपुरा

लेखनिककाका, तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा ताईला पाठवला. तिने पाचच मिनिटांत उत्तर दिलं: ‘पडवीचं काका बरोबर बोलले. जानेवारीतच टेप घेऊन आले होते.’

---

गच्चीवरची_मांजर

गच्चीवर अजून काय बोलल्या ते लिहा की. मला पर्यटनाबद्दल उत्सुकता आहे. आम्ही दर मे महिन्यात तिकडे जातो आणि मजा करून येतो, त्या गावाला काय वाटतं कधी विचारच केला नाही.

---

लहरीपुरा

मांजरताई, तुम्ही विचारलंत म्हणून. मे महिन्यात तिच्या गावची माणसं दुप्पट होतात आणि विहिरी तेवढ्याच राहतात. उपसा वाढला की किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ होतं. मागे राहणारी म्हातारी माणसं तेच पितात. घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या की नळजोडणी घरगुतीच, घरपट्टी घरगुतीच, शोषखड्डा मात्र आठ माणसांचा असतो आणि वापरतात चोवीस. तो भरला की पाणी कुठे जाणार? उताराने, म्हणजे पुळणीवर.

हिने सभेत म्हटलं की पाहुणे ठेवणाऱ्यांना पाणीपट्टी वेगळी लावा. तिच्या स्वतःच्या प्रभागात अशी बरीच घरं आहेत. दुसऱ्या दिवशी दुकानात कुणी बोलेना. ज्या बाईंनी प्रचारात हिच्यासाठी दारोदार फिरून पाय झिजवले, त्यांच्याच तीन खोल्या. ‘त्या बरोबर आहेत गं,’ ताई म्हणाली, ‘दोन महिन्यांच्या कमाईवर मुलाची फी भरतात. पण मचूळ पाणी पिणारी आजी पण माझीच मतदार.’ यावर अजून काही ठरलेलं नाही. मला तरी तिची बाजू पटते, पण मला तिथे दुकानातून साखर आणायची नसते.

आणि फोन. मी तिला विचारलं, रात्री बारालाच का वाजतो तुझा फोन? दोन रात्री आमच्याकडे होती, दोन्ही रात्री बाराच्या आसपास वाजला. म्हणाली, ‘पौर्णिमा आहे ना, उधाण.’ मला काही समजलं नाही आणि तिला झोप आली होती.

---

खाडीपलीकडे

ते मी सांगतो. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला घड्याळ लागत नाही, तिथी लागते. तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला हिशोबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बाराच्या आसपास धरायचं. थोडंफार पुढेमागे, पण होडी काढायला पुरतं.

आता पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच भरती सर्वात मोठी असते, तेच उधाण. म्हणजे सर्वात मोठं पाणी नेमकं भर दुपारी आणि मध्यरात्री. गावाचं गटार समुद्राला किंवा खाडीला सुटतं. उधाणात समुद्र गटाराच्या तोंडाच्या वर येतो, पाणी बाहेर जायचं सोडून आत येतं आणि खालच्या आळीतल्या घरांत मोरीतून वर निघतं. त्यात वरून पाऊस असेल तर विचारूच नका. म्हणून बाराचा फोन.

---

सेव_उसळ

अरे! हे तर आपलंच. विश्वामित्री वर चढली की शहरातल्या पावसाळी कांसांचं (नाल्यांचं) पाणी नदीत जात नाही, उलटं फिरतं. ऑगस्ट २०२४ मध्ये पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी आमच्याकडे पाणी चढतच होतं, त्याचं कारण हेच. जन्माष्टमीचे दिवस. धोक्याची पातळी २६ फूट आणि काळाघोडा पुलापाशी नदी ३७ फुटांच्या आसपास. त्यांची तिथी आहे तशी आपल्याकडे आजवा तलावाची पातळी. पावसाळ्यात बडोद्याचा माणूस सकाळी उठून दोनच आकडे विचारतो, आजवा किती आणि काळाघोडा किती. फरक एवढाच की त्यांच्या मोरीतून खेकडा येत असेल, आपल्या अंगणात मगर.

---

दगडी_चाळ_बडोदे (वडोदरा)

थोडं अवांतर. बडोद्याला समुद्र नाही असं समजू नका. संस्थान होतं तेव्हा ओखामंडळ आपलं, म्हणजे द्वारका आपली. कोडिनार आपलं, नवसारी प्रांतातलं बिलिमोरा आपलं. ओखा बंदर सयाजीरावांच्याच कारकिर्दीत बांधलं गेलं. माझे पणजोबा ओखामंडळात महसूल कारकून होते. आजी सांगायची की बदलीचा हुकूम आला तेव्हा पणजीने पहिलं विचारलं, तिथे गोडं पाणी मिळतं का.

---

राजवाड्यावरचा

आमच्याकडे ना समुद्र ना पूर (बरं, थोडा पूर). पण धागा वाचतोय. एक गोष्ट समजली नाही. गटाराचं तोंड उधाणात बंद करता येत नाही का? दरवाजा लावायचा, भरतीला बंद, ओहोटीला उघडा. माणूस ठेवायचा.

---

खाडीपलीकडे

माणूस ठेवला तर तो अमावास्येच्या मध्यरात्री दर्यावर जाईल का? :) पण दरवाजा असतो. वर बिजागरी असलेली लोखंडी झडप. आतून गटाराचं पाणी ढकललं की बाहेर उघडते, बाहेरून समुद्राने ढकललं की आपोआप बसते. माणूस लागत नाही. अडचण दोन. खारं पाणी लोखंड खातं, बिजागरी दोन पावसाळ्यांत गंजून जाम होते. आणि झडपेत एक नारळाची करवंटी किंवा जाळ्याचा तुकडा अडकला की ती अर्धी उघडी राहते. म्हणजे साफसफाई आलीच. त्याशिवाय झडप बंद असताना पाऊस पडला तर आतलं पाणी आतच साठतं, त्याला पंप हवा. रामबाण नाही, पण कोरड्या उधाणाच्या दिवशी खालची आळी वाचते.

---

लहरीपुरा

काल रात्री ताईशी बोललो, म्हणून धागा वर काढतोय.

लेखनिककाकांच्या पद्धतीने तिने सभेच्या आधी लेखी विषय दिला: खालच्या आळीच्या गटाराला झडप बसवणे व दर अमावास्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तोंड साफ करणे. मसुदा स्वतः लिहून नेला. अनुमोदक विरोधी बाकावरचे एक जुने नगरसेवक झाले, कारण त्यांची बहीण खालच्या आळीत दिली आहे. साफसफाईचा भाग मंजूर झाला, झडपेचा ‘अंदाजपत्रकासह पुढील सभेत ठेवावा’ असा तहकूब. ती खट्टू होती. म्हणाली, आता अंदाजपत्रकच कधी येणार नाही.

काका, यात काही करता येतं का?

---

निवृत्त_लेखनिक

खट्टू होऊ नका म्हणावं. ‘अंदाजपत्रकासह पुढील सभेत’ हे चांगलं वाक्य आहे. फेटाळला असता तर तो परत आणायला खटपट करावी लागली असती. आता तो पुढच्या विषयपत्रिकेवर आपोआप हवा, नसेल तर का नाही हे विचारता येतं. इतिवृत्तात ‘पुढील सभेत’ हेच शब्द राहिले आहेत ना ते कायम करताना बघा. ‘यथावकाश’ झालं असेल तर तिथेच हात वर करा.

अंदाजपत्रक अभियंत्याने करायचं असतं. पण छोट्या नगरपरिषदेतल्या अभियंत्याने अशी झडप आयुष्यात केलेली नसते, म्हणून तो टाळतो. त्याला कुठून तरी नकाशा, मापं आणि अंदाजे दर मिळाला तर कागद हलतो. मात्र ताईंनी स्वतः कुठल्याही कारखान्याचं नाव पुढे करू नये. माहिती अभियंत्याला जाऊ द्या, खरेदी नियमाने होऊ द्या. नाहीतर टेपवाले परत येतील.

---

लहरीपुरा

समजलं. मग बडोदेकरांना विनंती. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) फॅब्रिकेशनवाले पुष्कळ आहेत. खाऱ्या पाण्यात टिकेल अशी गटाराची झडप कुणी केलेली असेल, तर फक्त नकाशा आणि कुठला धातू वापरला एवढं हवंय. गटाराचं तोंड साधारण तीन फूट रुंद, अडीच फूट उंच. ताईने ओहोटीत उतरून स्वतः मोजलंय, फोटोत पायाला शेवाळ दिसतंय.

---

दगडी_चाळ_बडोदे

माझा मेहुणा तिथेच आहे, रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याच्या झडपा करतो. त्याला विचारलं. म्हणतो लोखंड विसरा, बिजागरीची पिन स्टेनलेसची आणि त्यातही ३१६ प्रतीची घ्या, पाट एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) करा, हलका पडतो आणि गंजत नाही. नकाशा रविवारी काढून देतो म्हणालाय, पैसे नकोत. फक्त त्याला एक माहिती हवी आहे: उधाणात पाणी तोंडाच्या किती वर चढतं?

---

लहरीपुरा

ताईला विचारलं. येत्या अमावास्येला रात्री बाराला भावोजींना टॉर्च धरायला लावून भिंतीवर खडूची खूण करणार आहे. आकडा मिळाला की तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.